विश्लेषण : ‘चाई’ पडल्यावर फक्त केसच जातात का?

२७ मार्च २०२२ रोजी ऑस्कर सोहळ्यात अभिनेता विल स्मिथने विनोदवीर ख्रिस रॉकच्या श्रीमुखात भडकावली. स्मिथची पत्नी जेडा पिंकेट स्मिथ हिच्या केस नसलेल्या डोक्यावरून रॉकने विनोद केला होता. थपडेची चर्चा जगभर झाली. जेडाच्या आजाराची मात्र फारशी झाली नाही. ‘अ‍ॅलोपेशिया अरिआटा’ हे त्याचे नाव.

हा आजार काय आहे?

मराठीत याला ‘चाई पडणे’ म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच हल्ला करते आणि डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. काहींचे डोक्यावरचे सगळे केस जातात, तर काहींच्या भुवया आणि पापण्याही. साधारण शंभरातील दोघांना आयुष्यात कधी तरी हा त्रास होतो. तो लहान मुलांनाही होतो. हा आजार संसर्गजन्य नाही आणि कीड लागल्यानेही होत नाही.

मनावर एवढा ताण का?

जिवाला धोका नसल्याने ‘केसच तर आहेत’ असे सहज म्हटले जाते. पण केसांची मुळे नष्ट होत नसल्याने केस पुन्हा उगवतात आणि काहींचे पुन्हा गळतात. ही अनिश्चितताच थकवते. या रुग्णांमध्ये चिंता व नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते. त्यात ‘टेन्शन घेतेस म्हणून केस जातात’ हा सल्ला दोष रुग्णाच्याच माथी मारतो.

समाजाची नजर कशी असते?

आपल्याकडे स्त्रीचे केशवपन एकेकाळी वैधव्याशी जोडलेले होते. आज टक्कल दिसले की कर्करोगाची शंका येते. लग्न जमवताना आजार सांगायचा की लपवायचा, हा प्रश्न घराला छळतो. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील लोकांचे केस अचानक गळले. तो प्रकार वेगळा होता, संशय सेलेनियमवर होता. पण ‘टक्कल व्हायरस’ हे नाव आधीच पसरले होते. कारण कळण्याआधी भीती पोहोचते, ती अशी.

उपचार आहेत का?

मोजके चट्टे असतील तर त्या जागी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. तीव्र आजारासाठी अमेरिकेच्या ‘एफडीए’ने जून २०२२ मध्ये प्रौढांसाठी बॅरिसिटिनिब आणि जून २०२३ मध्ये १२ वर्षांपुढील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिब या गोळ्यांना मान्यता दिली. मात्र त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढू शकतो, तसेच औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांची देखरेख आवश्यक ठरते.

औषधांपलीकडे काय?

रुग्णाची झोप, मन:स्थिती आणि शाळा-नोकरीतील गैरहजेरी यांची विचारपूसही उपचाराचाच भाग असायला हवी. गरज पडल्यास समुपदेशन घ्यावे. वर्गात टोपी घालून बसलेल्या मुलाला ती काढायला लावण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांशी बोलावे. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य अयाना प्रेसली यांनी जानेवारी २०२० मध्ये विग काढून आपला आजार जाहीर केला. तसे करायचे की विग वापरायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. इतरांनी टक लावून न पाहणे, एवढे तरी नक्कीच जमण्यासारखे आहे.