रांगेतल्या दोस्तीचं आडनाव

रांगेत जात नसते म्हणे.

हे वाक्य मी इतक्या रसिकांच्या तोंडून ऐकलंय की आता राग येत नाही, हसू येतं. नाटकाच्या आधी दोन तास करंट बुकिंगच्या खिडकीसमोर उभं राहावं, अनोळखी माणसाशी गप्पा माराव्यात, एका वड्याचे दोन तुकडे करावेत आणि तिसऱ्या घंटेला दोस्त होऊन आत जावं. कला माणसं जोडते. मराठी माणूस नाटकवेडा. वगैरे वगैरे. माझं भांडण ह्या वगैरेशी आहे.

मी गोदीत कंत्राटी कामगार. स्टीलच्या कॉइलला साखळ्या लावून क्रेनला देतो. कविता करतो, ते मुकादमाला माहीत नाही. पाळी कधी सुटंल ते बोटीवर असतं, त्यामुळं प्लॅन खुला झाला की मोबाईलवर खुर्ची धरणं मला जमत नाही. ज्याला पुढच्या रविवारी आपण कुठं असू हे ठाऊक आहे त्यानं पुढची खुर्ची घ्यावी. आमच्या वाटणीला उरलेलं. उरलेलं घ्यायची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, पण हे उरलेलं आम्ही पैसे मोजून घेतो, येवढाच फरक.

तर एका रविवारी रात्रपाळी करून, सँडहर्स्ट रोडला गाडी पकडून दादरला उतरलो. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नाही. नाटक विनोदी होतं. आम्ही फक्त आमच्या दुःखावरची नाटकं बघावीत असा काही नियम नाही, मला हसायचं होतं.

पुढं एक माणूस उभा. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, चष्मा, खांद्याला पिशवी. त्यानंच बोलणं काढलं. पाऊण तासात आम्ही सगळी रंगभूमी पालथी घातली. माणूस खरंच जाणकार, हे कबूल करतो. 'अहो'वरून 'अरे'वर आलो. वडापाव त्यानं आणला, चहा मी. तोच म्हणाला, "तू कशाला पुन्हा खिडकीशी झगडतोस, मी शेजारशेजारची दोन घेतो, पैसे मग दे."

मग म्हणाला, "अरे, नाव विचारायचंच राहिलं."

मी नाव सांगितलं.

"पूर्ण नाव?"

मित्रांनो, हा प्रश्न तुम्हाला माहीत आहे. तो कधी गाव विचारतो, कधी 'गावात कुठल्या आळीला' विचारतो. आपल्यातली काही पोरं इथं बापाचं नाव पुढं करून आडनाव गिळतात. मी त्यांना दोष देत नाही. खरं सांगायचं तर देतो. मी आडनाव सांगितलं.

त्याचं तोंड वाकडं झालं नाही. उलट तो हसला. म्हणाला, "अच्छा. तुम्ही वाचता बरंच, छान आहे." तासाभरात 'तू' झालो होतो, आडनाव सांगितल्याबरोबर 'तुम्ही' झालो. खिडकीशी त्यानं दोन तिकिटं घेतली, मी खिशातून पैसे काढले, तर म्हणाला, "अहो, माझा एक मित्र यायचाय. विसरलोच बघा."

आता मला सांगा, शिवी दिली असती तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. 'तू'चं 'तुम्ही' केलं, ह्याला कुठलं कलम लावू?

रांगेत जात नसते म्हणणाऱ्यांनो, नसते कशी? ती फक्त विचारलेली नसते. खिडकीवर नाव लागत नाही, तोवर तुमची माणुसकी फुकट चालते. आमच्या आज्यांना पाणवठ्यावर रांगसुद्धा नव्हती. रांगेत उभं राहायलाही जागा लागते. त्या लांब उभ्या राहायच्या, कुणी दया येऊन वरून ओतील तोवर. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले तेव्हा पाण्यापाशी उभं राहायचा हक्क घेतला. दोस्ती काही त्या हक्कात धरली नव्हती.

आणि नाटकाचं म्हणाल, तर जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिलं १८५५ ला. दक्षिणा प्राईज कमिटीनं ते नाकारलं. छापून आलं १९७९ ला. सव्वाशे वर्षं एक नाटक तुमच्या खिडकीसमोर उभं होतं आणि तुम्ही आम्हाला रांगेचं कौतुक सांगता.

माझ्या मागं एक म्हातारा होता. लालबागचा. गिरणीत होता, १९८२ च्या संपात बाहेर पडला तो पडलाच. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला म्हणाला, "रातपाळी करून आलास का रं पोरा? डोळं लाल झालेत." नाव नाही विचारलं, पाळी विचारली. पण माझं डोकं तापलेलं. मी म्हणालो, "काका, तुम्ही कुठल्या खात्यात होता?"

"साचेखात्यात."

"म्हणजे आमच्या माणसांना जिथं घेत नव्हते तिथं."

पोरांनो, हे माहीत नसंल तर माहीत करून घ्या. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी लागंल, म्हणून साचेखातं आमच्या लोकांना बंद. जास्त पगाराचं काम ते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल बावट्यापुढं टाकला होता.

म्हातारा गप्प झाला. रांग दोन पावलं सरकली. मग म्हणाला, "ते माझ्या बापाच्या वेळचं. बाप सांगायचा. अभिमानानं सांगायचा. खोटं कशाला बोलू?"

ह्या माणसाशी मी दोस्ती केली. जात दडवून नाही, मधे ठेवून. बाल्कनीतली शेवटून दुसऱ्या रांगेतली दोन तिकिटं आम्ही मिळून घेतली. त्यानं सुट्टे नव्हते म्हणून वीस रुपये कमी दिले, ते अजून यायचेत.

पहिला अंक बरा होता. दोन रांगा पुढं तो चष्मेवाला बसलेला, त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. मित्र आलाच नव्हता. मध्यंतरात म्हातारा म्हणाला, "ती जागा मोकळी हाय. तिथनं चांगलं दिसंल, जा की."

गेलो. बसलो. म्हणालो, "मित्र नाही आला?"

त्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "नाही हो," म्हणाला, "बसा ना. बसा तुम्ही."