काचेवर बाबासाहेबांची सही, कर्जावर आपली



गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या सभेला प्रमुख वक्ते दीड तास उशिरा आले. आले ते तीन पांढऱ्या फॉर्च्युनर घेऊन. पहिल्या गाडीच्या मागच्या काचेवर बाबासाहेबांची सही, बॉनेटवर निळा झेंडा. विषय होता ‘समाजाचे आर्थिक सक्षमीकरण’. पंचवीस मिनिटं बोलले आणि पुढच्या सभेला निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाषणातलं एक वाक्य कुणाच्या तोंडी नव्हतं. पोरं बोलत होती ती गाडीबद्दल. टॉप मॉडेल आहे का, फोर बाय फोर आहे का, तो नंबर कितीला घेतला असेल. त्याच रात्री विहारातल्या अभ्यासिकेसाठी वर्गणीची वही फिरवली होती. जमले 2,340 रुपये. अभ्यासिकेचं थकलेलं वीजबिल त्याहून जास्त होतं.

महिन्याभराने माझ्या एका जुन्या वर्गमित्राने तीच गाडी बुक केली. मित्र सरकारी खात्यात इंजिनिअर, घरातला पहिला पदवीधर, हातात येणारा पगार लाखाच्या थोडा वर, राहायला भाड्याच्या घरात. डाऊन पेमेंटसाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. मी फोन करून विचारलं, एवढी घाई कशाला? त्याने मला सुनावलं, “पाटलाच्या पोराने घेतली की प्रगती, आणि आपण घेतली की माज. तूसुद्धा तेच बोलणार का?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते आहे.

आधी त्याच्या रागाचं जे खरं आहे ते मान्य करू. आपल्या लोकांचा आणि वाहनाचा इतिहास साधा नाही. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना मसूर स्टेशन आठवत असेल. 1901 साल. चांगले कपडे घातलेली मुलं, खिशात भाड्याचे पैसे, वडिलांकडे कोरेगावला जायचं होतं. महार म्हटल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर की दुप्पट पैसे द्या, गाडी तुम्हीच हाका, मी बाजूने चालत येईन. 1929 मध्ये चाळीसगावला तेच. माणूस बॅरिस्टर झालेला, मुंबईच्या कायदेमंडळाचा सदस्य, पण टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार नाही. टांगा भाड्याने दिला, हाकायला बसला तो आपल्यातलाच, सवय नसलेला माणूस. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पाय मोडला. आजही वरातीत आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडल्याच्या बातम्या येतात. तेव्हा आपल्या पोराने उंच गाडीच्या सीटवर बसून गावच्या वेशीतून आत यावं, असं आपल्याला वाटणं हा माज नाही.

पण एक फरक बघा. मसूरच्या गाडीवानाला दुप्पट पैसे देऊनही गाडी मिळत नव्हती. आजचा शोरूमवाला तुमच्या गळ्यात हार घालतो, केक कापतो, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढतो. तो गाडी द्यायला एका पायावर तयार आहे. आपली जुनी जखम तो फार चांगली ओळखतो. किंबहुना त्याला ओळखायची गरजच नाही, त्याचं काम आपणच एकमेकांना “स्वाभिमानाने जगा” सांगून करून टाकतो. म्हणून आता प्रश्न गाडी मिळेल का, हा राहिलेला नाही. कशाच्या बदल्यात मिळते, हा आहे.

तर हिशोब करू. आकडे दाखल्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनमध्ये लाख-दोन लाख इकडेतिकडे होतील.

डिझेल गाडी, एक्स-शोरूम 37 लाख. महाराष्ट्रात खासगी नावावरच्या, 20 लाखांवरच्या डिझेल गाडीला 15 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 5 लाख 55 हजार. विमा, नोंदणी, टीसीएस, सीट कव्हर वगैरे धरून ऑन-रोड 45 लाख. यात कर किती ते बघा. मोठ्या एसयूव्हीवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे. म्हणजे 37 लाखांमध्ये सुमारे साडेदहा लाख जीएसटी. त्यात रोड टॅक्स मिळवा. 45 पैकी 16 लाख सरकारी तिजोरीत. हे पैसे गाडीत नाहीतच, त्यामुळे विकताना ते कुणी देणार नाही.

9 लाख डाऊन पेमेंट, 36 लाख कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, 7 वर्षं. हप्ता येतो 58,800 रुपये. सात वर्षांत बँकेला जातात सुमारे 49 लाख 40 हजार. म्हणजे व्याजच 13 लाख 40 हजार.

आता घसारा. हा शब्द आपण बी.कॉम.च्या पोरांवर सोडून दिला आहे, पण तो प्रत्येक हप्तेवाल्याने पाठ केला पाहिजे. विमा कंपनी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कशी धरते ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. सहा महिन्यांच्या आतच 5 टक्के वजा, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, मग 40, आणि पाचव्या वर्षी निम्मी. तीसुद्धा एक्स-शोरूमच्या किमतीवर, रोड टॅक्स सोडून. या हिशोबाने पाच वर्षांनी 37 लाखांचे साडेअठरा राहतात.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, “ताई, फॉर्च्युनरची रिसेल तगडी असते.” बरोबर आहे. जर्मन गाड्यांसारखी ती कोसळत नाही. म्हणून साडेअठरा नको, 22 लाखांना विकली असं धरू. पाच वर्षांत तुम्ही डाऊन पेमेंटसह 44 लाख 30 हजार भरलेत. कर्ज अजून 12 लाख 80 हजार बाकी. 22 मधून ते फेडलं की हातात राहतात 9 लाख 20 हजार. गेले 35 लाख 10 हजार. पुढच्या चार वर्षांचा विमा 3 लाख 20 हजार, महिन्याला हजार किलोमीटर धरून डिझेल 5 लाख 40 हजार, सर्व्हिसिंग आणि टायरचा एक सेट मिळून 2 लाख. एकूण 45 लाख 70 हजार. पाच वर्षांत 60 हजार किलोमीटर झाले. किलोमीटरला 76 रुपये पडले.

ट्रॅव्हल्सवाला ड्रायव्हरसकट इनोव्हा वीस-बावीस रुपयांनी देतो. एसटीच्या साध्या गाडीला दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत.

आणखी एक तुलना करते, ती मला जास्त लागते. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीसाठी आपल्या मुलाच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं. या गाडीची नुसती घट, व्याज आणि डिझेल सोडून, 45 चे 22 झाले ती, वर्षाला 4 लाख 60 हजार आहे. म्हणजे शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या एका घराची जवळपास दोन वर्षांची कमाई ही गाडी दरवर्षी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या खाते. आणि आपण पार्किंगमध्ये उभं राहून तिच्यासोबत सेल्फी काढतो.

आता पाटलाच्या पोराकडे येऊ, कारण मित्राचा खरा प्रश्न तोच होता. घसारा दोघांच्या गाडीला सारखाच आहे, पण तो कोण कशातून भरतो ते बघा. त्याच्यामागे वडिलोपार्जित बागायत आहे, साखर कारखान्याचे शेअर्स आहेत, तालुक्याला भाड्याने दिलेले गाळे आहेत. 23 लाख गेले तर वरचा साय गेला, दूध शाबूत. शिवाय गाडी बऱ्याचदा फर्मच्या नावावर असते. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर आयकर कायदा वर्षाला 15 टक्के घसारा खर्च म्हणून वजा करू देतो. 45 लाखांवर पहिल्याच वर्षी पावणेसात लाख. 30 टक्के कर भरणाऱ्याचे त्यात दोन लाख वाचले, वर व्याज आणि डिझेलही खर्चात. पगारदाराला यातलं काही नाही. माझ्या मित्राचा पगार कर कापून हातात येतो आणि त्यातून तो पूर्ण घसारा एकटा सोसतो. सारख्या गाडीत बसून दोघे सारख्या नुकसानीत नाहीत. हे वर्गाचं गणित आहे आणि आपल्या देशात वर्ग कुठून येतो हे वेगळं सांगायला नको.

एम.ए.ला आम्हाला व्हेब्लेन होता. 1899 मध्ये त्याने अमेरिकेतल्या रिकामटेकड्या श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगावर लिहिलं. उधळपट्टी हीच तिथे प्रतिष्ठा, कारण ती दाखवते की मला कमवायची गरज नाही. श्रीनिवासांचं संस्कृतीकरणही होतं, खालच्या मानलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात ते. जानवं आपण बाबासाहेबांमुळे नाकारलं. 4141 नंबरची पाटी मात्र ‘दादा’ वाचता येते म्हणून जास्तीची फी भरून घेतो. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरात सरंजामदाराची पालखी हप्त्यावर आली, हे आपल्याला खटकत कसं नाही?

मित्राने मला टोमणा मारला होता की मी गरिबीचं कौतुक करते. अजिबात नाही. तो जिथे राहतो ते घर मिळवताना त्याला चार ठिकाणी आडनाव विचारून नकार मिळाला होता. हे त्यानेच मला सांगितलं होतं, आवाज कापत होता. आता हे बघा. त्याच 58,800 च्या हप्त्यात, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी, 67 लाखांचं गृहकर्ज बसतं. वीस वर्षं म्हणजे जास्त काळ, मान्य. व्याजही जास्त जाईल. पण शेवटी हातात घर असतं, आणि दारावरची पाटी कुणाला विचारून लावावी लागत नाही. जिथे अपमान झाला तिथे उत्तर न देता आपण ते हायवेवर द्यायला निघालो आहोत.

“बाबासाहेबही सूट घालत, मोटारीतून फिरत,” हेही हमखास ऐकायला मिळतं. हो, फिरत. आणि दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद. 1918 मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी दाखवलं की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यासोबत भांडवल आणि श्रम किती आहेत त्यावर ठरतं. भांडवल कुठे घालायचं हा ज्या माणसाच्या अभ्यासाचा विषय होता, त्याच्या सहीचं स्टिकर आपण नेमकं कुठे चिकटवतो आहोत?

नोकरदारांचं नुकसान त्यांच्या खिशापुरतं तरी आहे. कार्यकर्त्यांचं जास्त गंभीर आहे. पगार नाही, शेती नाही, दुकान नाही, आणि दारात 45 लाखांची गाडी. दर महिन्याच्या पाच तारखेला 58,800 येतात कुठून? मराठीत ‘हप्ता’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि चळवळीत ते एकमेकांत मिसळायला लागले आहेत. दलित वस्तीतल्या गटाराचं, पेव्हर ब्लॉकचं टेंडर भाऊंना मिळतं, ते देणारा आमदार असतो, आणि मग त्याच वस्तीत अत्याचाराचं प्रकरण झालं की भाऊ म्हणतात, “दोन्ही बाजू ऐकून घेऊ.” ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला मी रात्री दोन वाजेपर्यंत पोलीस ठाण्यात बसले आहे. सोबत बसलेल्या बायका रिक्षाने आल्या होत्या. गाडीवाले भाऊ “वाटेत आहे” सांगत होते. ते मनाने वाईट नाहीत हे मला माहीत आहे. एका गाडीने त्यांना बांधून टाकलं आहे. ज्याचा हप्ता दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो, तो त्या दुसऱ्याविरुद्ध मोर्चा कसा काढणार?

गाडी घ्यायचीच नाही, असं माझं म्हणणं नाही. आजारी आईला तालुक्याला न्यायला, पोरांना घेऊन दीक्षाभूमीला जायला गाडी लागते. दहा-बारा लाखांची गाडी तेवढंच अंतर कापते आणि तिचे निम्मे गेले तर सहा लाख जातात. मोठीच हवी असेल तर पाच वर्षं वापरलेली बघा, पहिला घसारा दुसऱ्या कुणीतरी सोसलेला असतो. तीही नवीन हप्त्यावर नको, साठवलेल्या पैशातून.

मित्राची गाडी अजून डिलिव्हर झालेली नाही, वेटिंग आहे. हा हिशोब मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलेलं नाही.

या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत फळ्यावर अशीच आकडेमोड करणार आहोत. गाडी बुक करायच्या विचारात असाल तर कोटेशन, बुक केली असेल तर कर्जाचे कागद घेऊन या. नाव झाकून आणलं तरी चालेल. बायकोला सोबत आणा, कारण दागिने तिचे आहेत. येताना अभ्यासिकेच्या वीजबिलाचं पण बघा, दोन महिन्यांचं अजून बाकी आहे.

जय भीम!