घरातील पिल्लू आणि श्रावकाचे पहिले व्रत

दाराशी येणाऱ्या कुत्र्याला सकाळी भाकरी घालावी आणि उन्हाळ्यात ओट्याखाली पाण्याचे भांडे ठेवावे, एवढाच आपल्या व्यापारी कुटुंबांचा श्वानजातीशी दीर्घकाळ संबंध होता. आता बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी येथील मोंढ्यालगतच्या घरांतूनही पॉमेरियन, पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो अशी ठेंगण्या जातीची कुत्री दिसू लागली आहेत. बहुधा मुलांच्या हट्टापायी पिल्लू येते. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. नवव्या दिवशी फरशीवरील ओल्या डागावरून कुरबूर सुरू होते. आणि पुष्कळदा महिना-दोन महिन्यांत तेच पिल्लू गोदामाच्या दाराशी दोरीला बांधलेले आढळते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. मुंगीलाही जपणाऱ्या घरात असे घडते, ते केवळ अनवधानाने.

या अनवधानाचा विचार आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. हा आनंद व्यापारी होता आणि त्याच्या गोकुळांत ४०,००० गाई होत्या. भगवान महावीरांनी त्याला स्थूल अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार सांगितले ते असे: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही हेच पाच आहेत. बांधणे, मारणे, अवयव तोडणे, पेलवणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे हे प्राण घेणे नव्हे. परंतु आश्रित जीवाबाबत गृहस्थाच्या हातून व्रत जिथे झिजते, त्या याच जागा होत. प्रतिक्रमणात हे शब्द आपण उच्चारतोच. घरात पिल्लू आल्यावर त्यांचा रोजच्या व्यवहाराशी थेट संबंध येतो.

आणण्यापूर्वी

पिल्लू किमान ८ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. श्वानपैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. भावंडांशी खेळताना चावा किती जोराने घ्यायचा नाही, हे ते याच काळात शिकते. आमच्या भागातील हवामानही ध्यानात घ्यावे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पग किंवा शिह त्झू यांचे नाक इतके आखूड असते की धापा टाकून अंग थंड करण्याची त्यांची शक्ती तोकडी पडते. २००३ मधील एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीने पग घराघरांत लोकप्रिय केला. त्याला उन्हाळा सोसत नाही, हे मात्र जाहिरातीत दिसण्यासारखे नव्हते. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून ओळखली जाणारी बहुतेक कुत्री वास्तविक इंडियन स्पिट्झ असतात. भारतातच वाढलेली ही जात त्या मानाने अधिक सोशीक आहे.

आणखी एक प्रश्न आपल्या घरांत टाळून चालणार नाही. पिल्लाला जंताचे औषध द्यावे लागते आणि गोचीड झाल्यास त्यावरही उपचार करावा लागतो. जंतांचा उपद्रव घरातील मुलांनाही होऊ शकतो आणि गोचिडीमुळे कुत्र्याला घातक ताप येतो. रोज अंग विंचरणे, अंथरूण उन्हात टाकणे आणि जागा कोरडी ठेवणे यांमुळे प्रादुर्भाव मुळात कमी होतो. तरीही औषधाची वेळ येतेच. हे मनाला पटत नसेल, तर पिल्लू न आणणे हा सन्मान्य निर्णय आहे. आणल्यानंतर उपचार टाळणे हा नाही.

बंध

आई आणि भावंडे एकाच दिवशी सुटलेले पिल्लू पहिल्या रात्री रडते. त्याला गोदामात किंवा जिन्याखाली बांधून दार लावून घेतल्यास रडणे थांबते. पण ते थकून थांबते, भीती तशीच राहते. त्याची टोपली पहिले दोन आठवडे घरातील कोणाच्या तरी अंथरुणाशेजारी असावी. आईच्या अंगाचा वास लागलेले फडके मिळाले तर तेही टोपलीत ठेवावे. पुढे टोपली हळूहळू तिच्या कायमच्या जागी सरकवावी. दिवसा एकटे राहण्याची सवय मिनिटांनी वाढवावी: प्रथम दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा. लग्नसराईत किंवा यात्रेच्या वेळी घर रिकामे होणाऱ्या कुटुंबांनी ही सवय आधीपासूनच लावावी.

लहान जातीच्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. म्हणून फिरायला नेताना गळ्याला पट्टा न आवळता छातीवरून येणारा पट्टा वापरावा. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अपराध आहे. आखूड अथवा जड साखळीने दीर्घकाळ जखडणे, तसेच पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे, हेही त्याच कलमात येते. पहिल्या अपराधाला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे नाममात्रच आहे. सुज्ञ कुटुंबाने दंडाच्या रकमेवरून अपराधाचे माप ठरवू नये.

न बांधणे म्हणजे मोकाट सोडणेही नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. अखेर वन विभागाने दोन वानरे पकडून नेली. दोन किलोंचे पिल्लू गच्चीवर एकटे सोडू नये, एवढा बोध तरी त्यातून घ्यावा.

वध

येथे वध याचा अर्थ ताडन. पिल्लाने घरात लघवी केली की वर्तमानपत्राची सुरळी उगारणे किंवा त्याचे नाक त्या जागी घासणे ही अनेक घरांतील रूढ पद्धत आहे. ती निष्फळ आहे, कारण शिक्षा आणि मागील कृती यांची सांगड घालणे पिल्लाला जमत नाही. माणूस जवळ असताना लघवी करणे धोक्याचे, एवढेच ते शिकते आणि मग सोफ्यामागे जाऊन करते.

खरी शिकवण वेळापत्रकाची आहे. झोपेतून उठल्यावर, खाण्यानंतर, खेळून झाल्यावर आणि निजण्यापूर्वी त्याला उचलून एकाच ठरलेल्या जागी न्यावे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन तासांहून अधिक काळ आवरू शकत नाही. रात्रीही एकदा उठावे लागते. त्या जागी काम झाल्याबरोबर, दोन सेकंदांच्या आत, शाबासकी आणि खाऊचा कण द्यावा. घरात डाग पडलाच तर मुकाट्याने पुसावा. अमोनियायुक्त द्रवाने पुसू नये, कारण त्याचा वास मुत्रासारखा असतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच येते. फिनाईलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत पिल्लाला तिच्यावर सोडू नये.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण येते. आजोबा ‘बैठ’ म्हणतात, सूनबाई ‘बस’ म्हणतात आणि नातू ‘सिट’ म्हणतो. पिल्लू कोड्यात पडते आणि हट्टी ठरते. बोलावणे, बसवणे, थांबवणे आणि तोंडातील वस्तू सोडवणे, या चार गोष्टींसाठी चार शब्द सर्वांनी मिळून ठरवावेत आणि ते कोणी बदलू नयेत.

पिल्लू बोटे चावते, कारण त्याचे दात येत असतात. चावताच खेळ थांबवावा, हात काढून घ्यावा आणि गाठ मारलेले फडके चघळायला द्यावे. ठेंगण्या कुत्र्याचा चावा गमतीचा म्हणून हसण्यावारी नेला जातो आणि तेच कुत्रे मोठेपणी पाहुण्यांवर धावते. दात लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिल्लू घरचे आहे म्हणून यात सवलत नाही.

जीवंधरकुमाराच्या कथेत हविर्द्रव्याला तोंड लावले म्हणून मार खाऊन मरणासन्न झालेल्या कुत्र्याला तो नमस्कारमंत्र ऐकवतो आणि ते कुत्रे यक्षयोनीत जाते. ही कथा सांगणाऱ्या समाजाने पोळीचा तुकडा पळवला म्हणून पिल्लावर हात उगारावा, हे शोभत नाही.

छविच्छेद

शोभेसाठी शेपूट छाटणे अथवा कान कापणे हा तर सरळ छविच्छेदच होय. विक्रेत्याने असे पिल्लू देऊ केल्यास घेऊ नये. पॉमेरियनचे केस उन्हाळ्यात कातडीपर्यंत भादरणे हा त्याचाच सौम्य प्रकार. त्याची दुहेरी लव उन्हापासून संरक्षण करते आणि एकदा भादरल्यावर ती कधीकधी पूर्ववत येत नाही. रोज विंचरून गळालेले केस काढणे पुरेसे असते.

अतिभार

घरातील पिल्लावर पोती कोणी लादत नाही. त्याचे ओझे निराळे असते. मुलांनी दिवसभर उचलून फिरवणे हे एक ओझे. लहान जातीच्या पिल्लाच्या पुढच्या पायांची हाडे पेन्सिलीएवढी बारीक असतात. कडेवरून किंवा पलंगावरून पडून ती मोडतात. मुलांनी जमिनीवर बसूनच पिल्लाला मांडीवर घ्यावे. धडा एका वेळी तीन ते पाच मिनिटांचा पुरे. फिरवणे सूर्योदयाच्या सुमारास किंवा दिवस मावळताना असावे. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्यावर पिल्लाला चालवू नये.

जगाशी ओळख करून देण्यात मात्र विलंब नको. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी कॉकर स्पॅनियल, बीगल यांसारख्या जातींवर अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये असे मांडले, की वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू जे पाहते-ऐकते, ते त्याला पुढे परके वाटत नाही. म्हणून लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर न सोडता कडेवर घेऊन मोंढ्यातील हमालांची वर्दळ, मालमोटारीचा भोंगा, शटरचा खडखडाट दाखवावा आणि ऐकवावा.

आणखी एक ओझे व्यापारी बुद्धीतून येते. ‘मादी घेऊ, दोन वेत विकले की खर्च निघेल,’ असा हिशेब अनेकदा ऐकू येतो. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात धनासाठी कुत्रे-मांजर पोसणे हे असतीपोषण या कर्मादानात गणले आहे. प्रेमाने पाळणे आणि उत्पन्नासाठी पोसणे यांतील सीमारेषा आपल्याच शास्त्राने इतकी स्पष्ट आखलेली आहे.

अन्नपाननिरोध

हा अतिचार आपल्या घरांत सर्वात नकळत घडतो. दोन-तीन महिन्यांच्या ठेंगण्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खाणे लागते. पोट लहान, साठा थोडा. फार वेळ उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. ते थरथरते, झोकांड्या खाते, निपचित पडते. अशा वेळी हिरड्यांना साखरेचे किंवा गुळाचे पाणी चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. चोविहार पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वी बंद होते आणि सकाळी नवकारशीनंतर उघडते. मधले १३ तास या पिल्लासाठी धोक्याचे आहेत. व्रत स्वेच्छेने घेतलेले असते आणि पिल्लाने ते घेतलेले नाही. रात्रीचा घास देणे मनाला पटत नसेल, त्यांनी सहा महिन्यांवरील कुत्रे आणावे. त्याला दोन वेळचे अन्न पुरते आणि दुसरी वेळ सूर्यास्तापूर्वी सहज साधते.

कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. विचारपूर्वक बेतलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. परंतु दूधपोळी म्हणजे असा आहार नव्हे. त्यात वाढत्या पिल्लाला आवश्यक प्रथिने आणि चुना पुरेसा नसतो, शिवाय गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. पिल्लांसाठी बनवलेला संपूर्ण शाकाहारी कोरडा आहार आणि त्याला पनीर-दह्याची थोडी जोड, असे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे; तो आपल्या स्वयंपाकघरात नसतो, हे पिल्लाचे भाग्य. सुकामेव्याच्या डब्यातील मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट मात्र तितकीच घातक आहेत.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मार्गदर्शन मिळते आणि गुंतागुंतीच्या आजारासाठी परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये आपल्याला जवळची आहेत.

लहान जातीचे कुत्रे १२ ते १५ वर्षे जगते. पिल्लासाठी हट्ट धरणारा दहा वर्षांचा मुलगा तोपर्यंत शिक्षणासाठी पुण्याला गेलेला असतो आणि म्हातारे कुत्रे घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणून निर्णय मुलाचा नसावा. तो कुटुंबाने एकत्र बसून घ्यावा. रात्री कोण उठणार, चौथा घास कोण घालणार, दवाखान्यात कोण नेणार आणि सर्व परगावी गेल्यास ते कोणाकडे राहणार, या चार प्रश्नांपुढे चार नावे लिहिता आली तरच पिल्लू आणावे.