ऐंशी मिनिटांचं गाव

परवा रात्री मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या. मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण, घराचे हप्ते असं सगळं निस्तरून आता पहिल्यांदाच स्वतःसाठी म्हणून पैसे काढून युरोपला निघाल्या आहेत.

"अगं, त्या हालस्टाटला तू जाऊन आलीस ना? आमच्या सहलीच्या पत्रकात पहिल्याच पानावर त्याचा फोटो आहे. पण पुतण्या म्हणतो, तिथले लोक टुरिस्टांच्या विरोधात रस्त्यावर उतरलेत. खरं का गं? आपण गेलेलं आवडत नाही का त्यांना?"

"तसं काही नसतं हो वहिनी, तुम्ही बिनधास्त जा," असं म्हणून मी फोन ठेवला. पण उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं. कारण मी तिथं जाऊन आले होते आणि तिथली एक खिडकी काही केल्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

हालस्टाट हे ऑस्ट्रियातलं जेमतेम साडेसातशे-आठशे वस्तीचं गाव. एका बाजूला सरळसोट डोंगर, दुसऱ्या बाजूला तळं आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एकमेकींना खेटून उभी असलेली लाकडी घरं. २०१९च्या मे महिन्यात आमची बस तिथं पोचली. आम्ही बेचाळीस जणी होतो. टूर मॅनेजरनं माइकवरून सांगितलं, "ऐंशी मिनिटं आहेत. एक मिनिट जास्त नाही."

त्या ऐंशीतली पंचवीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. (बायकांच्या सहलीचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी हा हिशेब कधीतरी करावा!) मग 'तो' फोटो काढायच्या जागेकडे धावपळ. तिथंही रांग. उरलेल्या वेळात एक चुंबक, एक मिठाची पुडी, आणि बाकावर बसून घरून नेलेला चिवडा. परत येताना एका घराच्या पहिल्या मजल्यावर एक आजी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना दिसल्या. आमच्यातल्या एकीनं "अय्या, किती गोड!" म्हणत मोबाइल वर केला. तिचं बघून आणखी चौघींनी केला. मीही केला. आजींनी झारी खाली ठेवली, शांतपणे पडदा ओढला आणि त्या आत गेल्या. आम्हीही हिरमुसून बसकडे निघालो. त्या क्षणी मला त्या 'जरा तुसड्याच' वाटल्या होत्या, हे कबूल करते.

नंतर या गावाबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं, की तो पडदा एका दिवसाचा नव्हता.

सात हजार वर्षांपासून इथल्या डोंगरातून मीठ काढलं जातं. युरोपच्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या संस्कृतीला इतिहासात या गावाचंच नाव आहे. इथं सापडलेल्या सांगाड्यांच्या हाडांवरच्या स्नायूंच्या खुणा अभ्यासकांनी तपासल्या आणि त्यांना दिसलं, की पुरुष खाणीत मीठ फोडत असत आणि बायका ते एका खांद्यावर लादून वाहत असत. गावाला गाडीरस्ता मिळाला तो थेट १८९० साली. त्याआधी होडी, नाहीतर पायवाट. जागा इतकी कमी, की दफनभूमीही पुरायची नाही. म्हणून काही वर्षांनी जुनी हाडं वर काढायची, कवटीवर फुलं-पानं आणि नाव रंगवायचं आणि ती चर्चशेजारच्या छोट्या खोलीत मांडून ठेवायची, ही इथली रीत. रंगवलेल्या सहाशेहून अधिक कवट्या तिथं आहेत. शेवटची १९९५ सालची. ती एका बाईची आहे, १९८३ साली वारलेल्या. आपल्यालाही तिथं जागा मिळावी, अशी तिची इच्छा होती. मेलेल्यांनासुद्धा जिथं जिवंत माणसांसाठी जागा करून द्यावी लागते, असं हे गाव.

१९९७ साली हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. २००६ साली एका कोरियन मालिकेत गाव झळकलं. २०१२ साली तर चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात अख्ख्या हालस्टाटची नक्कलच उभी राहिली, चर्च आणि चौकासकट. नक्कल पाहिलेल्यांना अस्सल बघायची ओढ लागली. त्यात 'फ्रोजन' या सिनेमातलं गाव हेच, अशी वदंता पसरली. २०१४ साली वर्षाला आठ हजारांच्या आत येणाऱ्या बस २०१८ साली एकोणीस हजारांवर गेल्या. गर्दीच्या दिवसांत एकेका दिवशी दहा हजार माणसं! म्हणजे आपल्या घरात चार माणसं राहतात आणि रोज पन्नास पाहुणे येतात. बरं, पाहुणे ओळखीचे नाहीत, चहालाही थांबत नाहीत, नुसते घरातून फिरून फोटो काढून जातात.

२०२० साली गावानं बसना आधी वेळ नोंदवून यायची सक्ती केली आणि किमान दोन तासांहून अधिक थांबायची अट घातली. मे २०२३मध्ये फोटोच्या त्या प्रसिद्ध जागेवर लाकडी फळ्यांचं कुंपण घातलं. कारण काय, तर सेल्फीवाल्यांचा गोंगाट. समाजमाध्यमांवर इतका गदारोळ झाला, की काही दिवसांतच ते काढावं लागलं. ऑगस्टमध्ये शंभरेक गावकऱ्यांनी बोगद्याचा रस्ता थोडा वेळ अडवला. मागण्या काय होत्या? रोजच्या माणसांच्या संख्येला मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर बस नकोत. बस्स. 'येऊ नका' असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. संध्याकाळ तेवढी आम्हाला द्या, एवढंच म्हणत होते.

हालस्टाट एकटं नाही. स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड या खेड्यातल्या तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर एका गाजलेल्या कोरियन मालिकेतला प्रसंग चित्रित झाला आणि इतकी झुंबड उडाली, की २०२३ साली तिथं पाच फ्रँकचं फिरतं फाटक बसवावं लागलं. व्हेनिसनं २०२४ साली २९ दिवसांसाठी पाच युरोंचं प्रवेशशुल्क लावलं. पण त्यात एक बारकावा आहे. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ. शुल्क आहे ते सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना.

मग गर्दी वाईटच म्हणायची का? इथं मला दुसरी बाजूही सांगायला हवी. इटलीतलं चिविता दि बान्योरेज्जो हे टेकडीच्या सुळक्यावरचं, कडे ढासळत चाललेलं गाव. 'मरणपंथाला लागलेलं गाव' हीच त्याची ओळख. कायमची राहणारी माणसं डझनभर. २०१३ साली त्यांनी पुलावरून आत येणाऱ्यांना दीड युरोचं तिकीट लावलं, पुढं ते पाच युरोंपर्यंत गेलं. त्या पैशांतून नगरपालिकेला डागडुजी करता आली, लोकांचे स्थानिक कर माफ करता आले. सिसिलीतल्या सांबुकानं २०१९ साली सोळा ओसाड घरं एक-एक युरोच्या बोलीनं विकायला काढली. अट एवढीच, की तीन वर्षांत दुरुस्त करा. एका गावाला माणसं नकोशी झालीत, दुसरं माणसांना हाका मारतंय. आणि दोन्ही गावं तितकीच सुंदर आहेत! फरक एवढाच, की एक आपल्या सहलीच्या पत्रकात आहे, दुसरं नाही.

आता आपली बाजू. वहिनींच्या प्रश्नात एक बोच होती, तीही खोटी नाही. युरोपातली माणसं दोनशे वर्षं जगभर हिंडली, आपल्याकडेही येऊन राहिली (आणि लवकर हललीही नाहीत!). आता कुठं आपली शाळामास्तरीण, बँकेतली कारकून, पोळीभाजी केंद्र चालवणारी मैत्रीण पासपोर्ट काढून निघाली, तर नेमकं तेव्हाच फाटक? बरं, बोलावलं कोणी? २०१६ साली इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळा उभा राहिला, तो काय उगाच? आमच्याकडून चार पैसे मिळताना आम्ही पाहुणे आणि गर्दी झाली की आम्ही उपद्रव, हे कसं?

हा राग मला समजतो. पण जरा विचार केला की लक्षात येतं, ज्यांनी बोलावलं ते आणि ज्यांनी पडदा ओढला ते, ही माणसं एकच नाहीत. बोलावणारे हॉटेलवाले, पर्यटन मंडळं, सहल कंपन्या. पडदा ओढणारी ती आजी. तिच्या वाट्याला काय येतं? शेजारचं घर पर्यटकांना भाड्यानं जातं, तरुण जोडप्याला गावात जागा परवडत नाही, शेजार मोडतो. किराणा आणायला निघालं तरी शंभर माणसांतून वाट काढायची. वाळत घातलेले कपडेसुद्धा कुणाच्या तरी फोटोत. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

आणि ऐंशी मिनिटांत आम्ही त्या गावाला काय दिलं? जेवण आमचं आधीच दुसऱ्या शहरातल्या भारतीय हॉटेलात झालेलं. मुक्काम तिसरीकडे. गावाच्या पदरात पडलं ते चुंबकाचे, मिठाचे आणि स्वच्छतागृहाचे पैसे. माझ्या मते खरी गोम इथंच आहे. प्रश्न भारतीय, चिनी की कोरियन हा नाही आणि श्रीमंत की मध्यमवर्गीय हाही नाही. 'दहा दिवसांत सात देश' हे गणित जमवायचं तर प्रत्येक गावाला ऐंशी मिनिटंच येणार. ते गणित सहल कंपनी मांडते, पण उत्तर आपल्यालाच हवं असतं. जास्त देश दिसले की पैसे वसूल! काचेच्या बरणीतून आठ चॉकलेटं मोजून घ्यावीत, तसे आपण देश मोजून घेतो.

कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोजच्या माणसांची संख्या ठरवून दिली, आधी नोंदणी करायला लावली, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकींना ते पटलंच ना? फुलांसाठी पटतं, मग माणसांसाठी का पटू नये?

हे सगळं मनात घोळवून मी काल वहिनींना पुन्हा फोन केला. म्हटलं, "वहिनी, परवा मी अर्धंच सांगितलं. तुम्ही जरूर जा. पण सहलवाल्यांना विचारा, एखादा देश कमी करून तिथं एक रात्र राहता येईल का. संध्याकाळी बस गेल्या की गाव म्हणे शांत होतं. तिथल्याच एखाद्या ठिकाणी जेवा. सूप-ब्रेड का होईना. आणि खिडकीत कुणी दिसलं तर..."

"तर काय?"

"मोबाइल वर करू नका. नुसता हात करा."

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "विचारते. पण देश कमी केला तर पैसे कमी करतील का गं ते?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. सहल कंपन्यांना ते विचारायला हवं आणि एकटीनं नाही, बेचाळीस जणींनी मिळून.