कांदा रेल्वेनं गेला, भाडं वाचलं. शेतकऱ्याच्या हाती काय?

नाशिक, वार्ताहर : देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. आखातात खुट्ट झालं की इथं डिझेलच्या भावाची धास्ती बसते. तेल वाचवायचं म्हटलं की चर्चा होते ती इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-बसची. त्या हव्यातच. पण देशात सगळ्यात जास्त खपणारं इंधन डिझेल आहे, आणि त्यातलं बरंच मालट्रक पितात. म्हणजे तेलाचा प्रश्न आपल्या कांद्याच्या वाहतुकीशीही जोडलेला आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये लासलगावहून 'कांदा एक्स्प्रेस' दिल्लीच्या किशनगंज स्टेशनला गेली. 42 वाघिणी, 1600 टन कांदा. एवढ्या मालाला 50 च्या वर ट्रक लागले असते. सरकारनंच तेव्हा हिशोब दिला: 56 ट्रकांचा माल नाशिकहून दिल्लीला रस्त्यानं न्यायला 84 लाख रुपये लागतात, रेल्वेनं 70 लाख 20 हजार. एका खेपेला 13 लाख 80 हजारांची बचत. क्विंटलला साधारण 80 रुपये पडतात.

मनमाड-भुसावळ मार्गावर विजेची इंजिनं कित्येक वर्षांपासून धावतात. वीज कोळशावर होते, हे खरं. पण तो कोळसा बहुतांश आपल्याच देशातला आहे, तेलासारखा परदेशातून आणावा लागत नाही.

मग हे 80 रुपये कुणाला मिळाले? तो कांदा सरकारी बफर साठ्यातला होता. बचत सरकारी खात्यात राहिली. दिल्लीत कांदा स्वस्त विकायला तिचा उपयोग झाला. आपल्याला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, पण सवाल उरतोच.

व्यापारी लिलावात बोली लावतो तेव्हा पुढचं भाडं डोक्यात धरूनच लावतो. भाडं वाढलं की बोली खाली येते. भाडं कमी झालं तर बोली वर यायला पाहिजे, पण ती आपोआप येत नाही. माल पाठवणारे चार-दोनच असले की बचत त्यांच्याच खिशात राहते.

अडचण रेकची आहे. 42 वाघिणी एकदम भरणं मोठ्या व्यापाऱ्याला किंवा सरकारला जमतं. 20-30 क्विंटलवाल्यानं काय करायचं? 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, तेव्हा त्याला वाट मिळाली होती. थोडा मालही घ्यायचे, मधल्या स्टेशनांवर चढवता-उतरवता यायचा, भाड्यात 50 टक्के अनुदान होतं. ते अनुदान पुढं कायम राहिलं नाही.

ट्रकची बाजूही समजून घेऊ. ट्रक बाजार समितीतून निघतो तो थेट समोरच्या मंडईत. रेल्वेला दोनदा जास्त हमाली लागते. गाडी रखडली तर कांदा गरम होतो, सडतो. म्हणून नुसतं 'रेल्वे वापरा' म्हणून भागणार नाही.

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी पाहिजे. एक-दोन वाघिणींचंही बुकिंग घेतलं पाहिजे. स्टेशनाशेजारी सावलीची शेड पाहिजे. आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकत्र येऊन वाघिणी भरायची तयारी ठेवली पाहिजे. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी आलं, तर रस्त्याबरोबर या गाडीचंही विचारा. देशाचं डिझेल वाचेलच, पण क्विंटलमागचे 80 रुपये कुणाच्या हातात जातात, ते तेव्हाच ठरेल.