कारण न देता रिजेक्ट

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जा. चार मशिनं आणि सहा माणसं असली तरी काम सुरू होण्याआधी ड्रॉइंग हातात पडतं. कुठलं माप किती मायक्रॉनपर्यंत चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. माल परत आलाच, तर सोबत रिजेक्शन नोट येते: किती नग, कुठल्या मापात गेले, तपासणाऱ्याची सही. इतका न्याय आम्ही लोखंडाच्या तुकड्याला देतो. घामाचा पैसा भरून परदेशी क्रूझवर निघालेल्या माणसाला मात्र तेवढाही न्याय मिळत नाही. याची मला चीड आहे आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

आमच्या लांडेवाडीकडचे एक निवृत्त टर्नर. ग्रॅच्युइटीतले पैसे काढून त्यांनी बायको, मुलगा आणि सुनेसह सिंगापूरहून निघणारी क्रूझ ठरवली. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, थायलंडनेही दार उघडलं, त्यामुळे एजंटाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "काका, व्हिसाची काही कटकट नाही. सिंगापूरचा तेवढा मी काढून देतो." त्याने तो काढलाही. तिघांचा अनेक प्रवेशांचा आला, सुनेचा एकाच प्रवेशाचा. विमानातून उतरताना तिचा तो एक प्रवेश खर्ची पडला. जहाज परत येईल तेव्हा दुसरा प्रवेश लागणार, हे एजंट बोलला नाही आणि क्रूझ कंपनीच्या एकाही ई-मेलमध्ये ठळकपणे लिहिलेलं नव्हतं. धक्क्यावरच्या काउंटरवर सुनेला अडवलं. सून थांबली म्हणून मुलगा थांबला, आणि पोरांना तिथं सोडून काका-काकू जहाजात चढणार नव्हते. चौघांचे पैसे बुडाले. काकांनी एकच गोष्ट मागितली, "निदान कागदावर लिहून द्या, का अडवलं ते." ती सुद्धा मिळाली नाही.

त्यांना अडवणारा माणूस कोण होता? पोलीस नव्हता, इमिग्रेशनचा अधिकारी नव्हता, कुठल्याही सरकारने त्याला नेमलेलं नव्हतं. तो कंपनीचा नोकर होता.

या सगळ्याचं मूळ एका कायद्यात आहे आणि तो प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायला हवा. योग्य कागद नसलेला प्रवासी आणला तर दंड विमान किंवा जहाज कंपनीने भरायचा, अशी तरतूद बहुतेक देशांनी करून ठेवली आहे. ब्रिटनने १९८७ साली दर प्रवाशामागे हजार पौंड दंड ठरवला आणि पुढे तो दोन हजारांवर नेला. आपल्या संसदेनेही २००० साली असाच कायदा केला. दंड एक लाख रुपये. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने घेतली, पण कंपनीला जबाबदार धरण्याचं तत्त्व कायम राहिलं. यामागची सरकारांची गरज मला कळते. देशात कोण येतं हे पाहण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि मी तो नाकारत नाही.

पण काउंटरवरच्या कंपनीच्या त्या पोरासमोर हिशोब कसा मांडला जातो ते पाहा. चुकीचा माणूस चढवला तर कंपनीला दंड, परत आणण्याचा खर्च आणि त्या पोराच्या नोकरीवर गदा. बरोबर माणूस खाली ठेवला तर कंपनीचं एक पैशाचं नुकसान नाही, कारण कागदपत्रांची सर्व जबाबदारी प्रवाशाची, हे तिकिटाच्या अटींत बारीक टायपात आधीच छापलेलं असतं. म्हणून शंका आली की अडव, हाच तिथला शहाणपणा होतो. सरकारने आपला अधिकार कंपनीच्या हाती दिला आणि कंपनीने त्याची झळ प्रवाशावर ढकलली. अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध निदान काही ठिकाणी अपील असतं. या पोराच्या निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची?

तिकीट विकणाऱ्यालाच सरहद्दीचा पहारेकरी बनवण्याची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती आपल्याच लोकांवर चालवली गेली होती. १९०८ साली कॅनडाने नियम केला: मायदेशातून निघून वाटेत न थांबता, एकाच तिकिटावर जो येईल त्यालाच प्रवेश. आणि त्याच वेळी जहाज कंपनीवर दबाव आणून भारतातून तसं तिकीट विकणंच बंद करायला लावलं. हिंदी माणसाला बंदी असा शब्द कायद्यात कुठेही नव्हता. तिकीटघरानेच ते काम केलं. १९१४ च्या मे महिन्यात गुरदित सिंगांनी भाड्याने घेतलेलं कोमागाटा मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. दोन महिने ते बंदरातच अडकवून ठेवलं गेलं, मोजक्या प्रवाशांना उतरू दिलं आणि बाकीच्यांना परत पाठवलं. परत आल्यावर कोलकात्याजवळ बजबजला गोळीबार झाला, माणसं मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली. माझ्या शेजाऱ्यांचं दुःख आणि तिथलं मरण मी एका पारड्यात ठेवत नाही. पण परदेशाचं दार खासगी कारकुनाच्या खिडकीत नेऊन ठेवण्याची पद्धत तीच आहे.

आता आपल्या इथल्या एजंटांकडे वळू. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या फ्लेक्सवर, सोसायटीच्या गेटवरच्या पत्रकांवर 'व्हिसासह' असा शब्द ठोकून दिलेला असतो. कुठल्या देशाचा, किती प्रवेशांचा, कुठल्या बंदरात उतरण्यासाठी, यातलं काहीही नाही. सिंगापूरमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचेही पैसे उकळणारी दुकानं इंटरनेटवर आहेत. गिऱ्हाइकाला इंग्रजी नीट येत नाही, तो पहिल्यांदा परदेशी चालला आहे, हे हेरून केलेली ही लूट आहे आणि मी तिला लूटच म्हणणार.

त्यात भर म्हणून दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शेरा असतो. आमच्या पट्ट्यात असे हजारो हात आहेत. त्यांच्याच जोरावर इथल्या गाड्या बनतात. या शेऱ्याचा संबंध १८ देशांत नोकरीसाठी जाण्याशी आहे, आणि मलेशिया, थायलंड, अमिरात त्या यादीत आहेत. फिरायला जाणाऱ्याला त्यासाठी सरकारी परवानगी लागत नाही. तरीही काउंटरवर तो शेरा दिसला की माणसाकडे पाहण्याची नजर बदलते, प्रश्न वाढतात. २०१८ च्या जानेवारीत तर परराष्ट्र मंत्रालयाने अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं जाहीर केलं होतं. ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निर्णय मागे घेतला. कमी शिकलेल्या माणसाला दुरूनच ओळखता यावं, असं ज्यांच्या मनात आलं त्यांना मी माफ केलेलं नाही.

अमेरिकेत गेलेली आपली मुलं शिकली-सवरली आहेत, इंग्रजी बोलतात, तरी तीही या जाळ्यात सापडतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आणि पासपोर्टमधला व्हिसा संपलेल्या माणसाला मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन, आय-९४ या आगमन-नोंदीच्या आधारे परत येण्याची सोय काही अटींवर आहे. बहामासहून परत येताना ती सोय त्याला नाही. शेजारच्या बेटांची सवलत विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांपुरती आहे. मायामीहून निघणाऱ्या कितीतरी क्रूझ बहामासलाच जातात. कंपनी राष्ट्रीयत्व विचारते, पासपोर्ट नंबर घेते, कार्डावरून पैसे घेते आणि याबद्दल चकार शब्द काढत नाही.

माझा राग इथं सर्वांत जास्त आहे. कंपनीला सगळं आधी माहीत असतं. पासपोर्टची माहिती तिच्याकडे कित्येक आठवडे आधी असते. युरोपात तर जहाज बंदरात पोचण्याच्या किमान २४ तास आधी प्रवाशांची नावनिशीवार यादी देण्याचा नियमच आहे. म्हणजे यादी आहे, संगणक आहे, नियम ठाऊक असलेली माणसं आहेत. महिनाभर आधी ते कागद तपासून 'तुमचा व्हिसा या मार्गाला चालणार नाही' असं कळवायला काय अडतं? अडत काहीच नाही. आधी कळवलं तर पैसे परत द्यावे लागतील. धक्क्यावर अडवलं तर ते खिशात राहतात.

आणि आपलं सरकार? ३० सप्टेंबर २०२४ ला क्रूझ भारत मिशन सुरू झालं. २० सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर. चांगलं झालं. इकडे येणाऱ्या परदेशी क्रूझ प्रवाशांसाठी सरकारने मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची, चेन्नई या बंदरांत ई-व्हिसा चालवला, काही वर्षं बोटांच्या ठशांतूनही सूट दिली. पाहुण्यासाठी नियम वाकवता येतात, हे यातून सिद्धच झालं. मग आपल्या नागरिकासाठी दुसऱ्या देशाशी बोलणी का होत नाहीत? चीनने १५ मे २०२४ पासून क्रूझने गटात येणाऱ्या परदेशी पर्यटकांना आपल्या किनाऱ्यावर १५ दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला. रशियाने सेंट पीटर्सबर्गला येणाऱ्या क्रूझ प्रवाशांना ७२ तासांची मुभा २००९ सालीच दिली होती. हे होऊ शकतं, जगात झालेलं आहे. जहाजातून उतरून संध्याकाळी जहाजावरच परतणाऱ्या, किंवा त्याच बंदरात परत येऊन दुसऱ्या दिवशी विमान पकडणाऱ्या भारतीयासाठी एक उतरण्याचा पास सिंगापूरशी आणि अमिरातीशी बोलून मिळवणं हे दिल्लीचं काम आहे.

भोसरी शिरूर लोकसभा मतदारसंघात येते. आमच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात दोन प्रश्न विचारावेत. क्रूझच्या पाससाठी आजवर कोणत्या देशाशी बोलणी केली? आणि भारतात तिकीट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीवर प्रवासाच्या तीस दिवस आधी कागद तपासून लेखी होकार किंवा नकार देण्याची सक्ती केव्हा करणार? अडवलंच, तर कारण, वेळ आणि सही असलेला कागद प्रवाशाच्या हातात पडला पाहिजे, तोही त्याला समजेल अशा भाषेत.

तोवर आम्ही थांबणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे आणि आपण राहतो त्या भागातल्या आयोगापुढे तक्रार करण्याची सोय आहे. काकांची तक्रार आम्ही लिहून काढली आहे. पिंपरी, भोसरी, चाकण भागात ज्यांच्यावर हीच वेळ आली असेल त्यांनी बुकिंगची पावती, एजंटाचे मेसेज आणि व्हिसाची प्रत जपून ठेवावी, एकही कागद फेकू नये. आणि काउंटरवर अडवलेच गेलात, तर नकार लेखी मागा. लिहून देत नसतील तर तिथेच उभं राहून वेळ, ठिकाण आणि त्या माणसाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव स्वतः लिहून घ्या.