उधारी पाण्यात, सेल्फी क्लाउडवर

२२ जुलै २०२१. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी चढत होतं, तेव्हा तिथल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक तिकिटांचे नऊ लाखांच्या आसपास रुपये घेऊन बुडत्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली, शेअर केली, रास्तच होतं. पण त्याच दिवशी बाजारपेठेत काउंटरखाली ठेवलेल्या सीपीयूसाठी कोण टपावर चढलं? रोकड वाचवायची हे आपल्या अंगात मुरलंय. हिशेब वाचवायचा, हे अजून नाही.

आता स्वतःकडे बघा. तुम्ही चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरचे असाल आणि घरचं मेडिकल, हार्डवेअर किंवा कापडाचं दुकान असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे. तुमच्या फोनमधला प्रत्येक सेल्फी आपोआप क्लाउडवर जातो. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा दहा वर्षांचा हिशेब? तो त्या एकाच डब्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पुराची वाट बघत बसलेला.

भिजलेला माल दिसतो, त्याचा पंचनामा होतो. गेलेली फाइल कुणाला दिसत नाही. जीएसटी नंबर असलेल्या दुकानाची खरेदी काही प्रमाणात परत मिळते, कारण पुरवठादाराने भरलेली बिलं पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसतात. पण उधारी? कुणाकडून किती येणं आहे, हे जगात फक्त तुमच्या दुकानाला ठाऊक असतं. पूर ओसरल्यावर प्रामाणिक गिऱ्हाईक स्वतःहून येईल, बाकीच्यांना तुम्ही काय दाखवणार? विम्याचा सर्व्हेअरही आधी स्टॉकचा हिशेब आणि खरेदीची बिलं मागतो. शिवाय वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा, असं जीएसटी कायदाच सांगतो.

‘आमच्याकडे बॅकअप आहे की!’ असं घरी सांगतील. कुठे आहे, ते विचारा. बहुतेक वेळा तो गल्ल्याच्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर असतो. म्हणजे कॉम्प्युटर बुडाला की पाठोपाठ तोही. माझ्या मते त्याला बॅकअप म्हणूच नये. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर, एवढं पुरे. गावाबाहेरची म्हणजे गूगल ड्राइव्हवरची चालेल, १५ जीबी फुकट मिळतात आणि छोट्या दुकानाचा टॅलीचा डेटा त्यात आरामात बसतो. पुण्याच्या मावशीकडे ठेवलेली हार्ड डिस्कही चालेल, फक्त ती अधूनमधून ताजी करायला हवी.

खरी गंमत पुढे आहे. दुकानाचं जीमेल खातं पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोराने उघडलेलं असतं, पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि ओटीपी बाबांच्या फोनवर. फोन भिजला, सिम गेलं की तुमचा बॅकअप आभाळात सुखरूप आणि तुम्ही दाराबाहेर! गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून घरी वरच्या मजल्यावर ठेवा. टॅलीवॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तोही लिहून ठेवा, कारण तो विसरला तर डेटा उघडत नाही.

पुरात नेटच नसतं, मग क्लाउडचा काय उपयोग? हा प्रश्न बरोबर आहे. चिपळुणातही मोबाइल बंद पडले होते. पण क्लाउड त्या रात्रीसाठी नाहीच, तो आठवडाभराने, चिखल काढून झाल्यावरच्या सकाळसाठी आहे. त्या रात्रीसाठी एवढंच, की सीपीयू उचलून वर न्यायचा हे आधीच ठरलेलं असावं. नेमक्या उंचीच्या भरवशावर तर राहूच नका. २००५च्या पुराची खूण धरून बसलेल्यांना २०२१च्या पाण्याने चकवलं. आणि मशीन भिजलंच, तर ‘चालू होतंय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. उरलासुरला डेटा त्यातच जातो.

आता थोडं टोचणारं. पुरानंतर एनएसएसची पोरं चिखल उपसायला जातात, मनापासून राबतात, त्यांचे फोटोही छापून येतात. तीच पोरं मे महिन्यात बाजारपेठेत फिरून दुकानागणिक अर्धा तास बॅकअप लावून देतील, तर कितीतरी घरांचा हिशेब वाचेल. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, हे मान्य. ‘हे सीएचं काम’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की सीएचं ऑफिसही पुष्कळदा त्याच बाजारपेठेत असतं.

हा रविवार दुकानाला द्या. बॅकअप घेतला की तिथेच थांबू नका, तो तुमच्या लॅपटॉपवर उघडून बघा. चार गिऱ्हाइकांची बाकी काढा आणि बाबांना विचारून ताडून पाहा. त्यांना ती तोंडपाठ असते.